सव्वीस शेकडे

अर्ध्या तासात अठराशे सेकंद असतात. हे इंद्रायणीला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. ती सातवी पास होती आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिचं कामच सेकंद मोजायचं होतं. तरी अंगारकीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, जपाची वही देवाच्या पाटाखाली ठेवण्याआधी सहज पानं चाळताना सोमवारच्या पानावर तिचं बोट अडलं. समासात तिच्याच अक्षरात वेळ होती: दहा. त्याखाली पेन्सिलीच्या उभ्या रेघा, आणि पुन्हा वेळ: साडेदहा. मधल्या रेघा तिनं मोजल्या. सव्वीस. एक रेघ म्हणजे शंभर नामं. पुन्हा मोजल्या, या वेळी पेन्सिलीचं टोक प्रत्येक रेघेवर टेकवत. सव्वीसच. तिनं मागची पानं उलटली. आदल्या सोमवारी दहा ते साडेदहात पंधरा रेघा होत्या, त्याच्या आदल्या सोमवारी सोळा. ‘श्रीगजानन’ म्हणायला तिला बरोबर एक सेकंद लागतो, हे तिलाच काय, कारखान्यातल्या हंडेवाल्यांनाही माहीत होतं. मग अठराशे सेकंदांत सव्वीसशे नामं मावली कुठं? स्टोव्हवर चहाचं आधण आटून निम्मं झालं होतं. ओसरीवर घरमालकीण आक्काबाई तांदूळ निवडत बसली होती, ती तिथूनच म्हणाली, “अगं, देवापुढं किती वेळ बसशील? तो काही पळून जात नाही. भोंगा मात्र थांबायचा नाही तुझ्यासाठी.” इंद्रायणी “हो हो, निघालेच” म्हणाली. वही पाटाखाली ठेवायची राहिली. ती तिनं पुन्हा कमरेच्या बटव्यात खोचली.

चिंचवड गावातून निघून रेल्वेचे रूळ ओलांडले, की बाभळींच्या मधून कारखान्याची पत्र्याची छपरं दिसत. मार्गशीर्षातली थंडी होती, पवनेवरून वारा येत होता आणि वाऱ्याबरोबर नेहमीचा तो वास, कार्बोलिक साबणासारखा, आधी बरा वाटणारा आणि मग घशात बसणारा. पहिल्या वर्षी तिला त्यानं जेवण जात नसे. आता तो वास आला की पाय आपोआप उचलत. पण आज वासाच्या आधी आवाज आला. घंटेत बोळा कोंबून ती बडवावी तसा बद्द, ठोक्यामागून ठोका. राळ शिजवायच्या हंड्याच्या पोटात उतरून हंडेवाला कोंडाजी छिन्नी मारत होता. सोमवारपासून मारत होता, आणि फाटकातून आत शिरता शिरता, अंगठ्याला शाई लावून हजेरीवर टेकवणाऱ्या बायांच्या रांगेमागे उभी असताना, इंद्रायणीच्या मनात ते सव्वीस शेकडे आणि हे ठोके एकमेकांवर येऊन आदळले. तिला एकदम सगळं कळलं. घाबरायला झालं नाही. फक्त सही करताना नाव नेहमीपेक्षा बारीक उमटलं.

सोमवारी साडेदहाला तिनं पाटीवर ‘१२०’ लिहून ती प्रयोगशाळेच्या खिडकीत धरली होती. हंड्याच्या घरात मोटारीचा आणि वाफेचा एवढा कल्ला असे की माणसाचं बोलणं पोचत नसे, आणि इंद्रायणीचं तर समोर बसलेल्यालाही कान देऊन ऐकावं लागे. म्हणून ही पाटी. कोंडाजीनं मुंडाशाला हात लावून आकडा पोचल्याची खूण केली होती आणि वाफ चालू ठेवली होती. एकशे वीस म्हणजे अजून अवकाश आहे. पाऊण तास तरी निवांत. पण पंधराव्या मिनिटाला आतलं ढवळणं कण्हायला लागलं, मोटार गुरगुरली, पट्टा जळाल्याचा वास आला आणि सगळं गप्प झालं. ती गप्प झालेली घटका अजून तिच्या कानात होती. पंधरा मण राळ हंड्यातच दगड झाली.

कंपनीच्या कागदात त्याला केटल म्हणत, पण ते वळण कोंडाजीच्या जिभेला कधी पडलं नाही, आणि त्याचा ‘हंडा’च मग सगळ्यांचा झाला. माणूस उभा बुडेल एवढा, दुहेरी अंगाचा; बाहेरच्या पोकळीतून गरज पडेल तशी वाफ सोडायची किंवा गार पाणी. आत फिनॉल वितळवून ओतायचं, त्यावर फॉर्मलिन, ज्याच्या वाफेनं डोळ्यांतून धारा लागत, आणि विरजणाएवढा अमोनिया. तापलं की आधी सगळं ताकासारखं गढूळ होई, मग पाणी वर आणि राळ खाली अशी फूट पडे. ते पाणी पंपानं ओढून घ्यायचं. मागं उरे ती राळ, मधासारखी दाट, चिंचेच्या कोळाच्या रंगाची. ती शिजत राहते आणि घट्ट होत जाते, आणि नेमकी वेळ साधून खालची तोटी उघडून ती तबकांत सोडून द्यावी लागते. तबकात ती गार होऊन काचेसारखी फुटते. मग दळून, लाकडाचा भुसा मिसळून, तापल्या दाबयंत्रात घातली की बॅकेलाइटची काळी बटणं, होल्डर, विजेच्या पेट्या. घराघरात वीज येत होती आणि त्या विजेला हात लावायचा तर मधे ही राळ हवी होती. इंद्रायणीला हे सगळं पाकावरून कळलं. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. नवरा गेला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. खेडच्या शाळेतले मास्तर, तीन दिवसांच्या तापानं गेले. भावानं ओळखीनं इथे चिकटवलं तेव्हा रसायनशाळेचे साहेब, हसानंद, तिला म्हणाले होते, “शिकलेली मानसं माझ्याकडे पुष्कळ हायेत, बाई. तुला लाडू जमते काय? पाक समजते?” ती म्हणाली, समजतो. हसानंद साहेब फाळणीत कराचीहून आले होते, पिंपरीच्या कॅम्पात राहत, आणि त्यांचं मराठी असं चालता चालता हिंदीत पाय घालणारं होतं.

तर तिचं काम पाकाचंच. हंड्यातून नमुना आला की चमचाभर राळ विजेच्या तव्यावर घालायची, त्या तव्याची आच ठरलेली, आणि लहान उलथन्यानं ती पसरत, उचलत राहायचं. उचलली की तार येते. पुन्हा पसरायची, पुन्हा उचलायची. तार येते, येते, आणि एका उचलण्याला येत नाही. राळ रबरासारखी सुटते. तव्यावर घातल्यापासून तार तुटेपर्यंत जितके सेकंद, तो आकडा पाटीवर. राळ हंड्यात जसजशी शिजेल तसतसा आकडा उतरतो: दोनशे, एकशे साठ, एकशे वीस. पंच्याऐंशीला तोटी उघडायची. पंच्याऐंशीच्या खाली फार वेळ थांबला तो मेला. सुरुवातीला हे ती दाबून चालू-बंद करायच्या घड्याळावर मोजत असे. आषाढात ते घड्याळ फरशीवर पडून फुटलं. मुंबईहून नवं यायला दोन महिने लागणार होते. तेव्हा तिनं भीत भीत साहेबांना सांगितलं, की मनात नाम घेते ते भिंतीवरच्या घड्याळाबरोबर चालतं, कितीदा पाहिलंय मी. साहेबांनी परीक्षा घेतली. शंभर नामं, शंभर सेकंद. दुसऱ्यांदा नव्याण्णव. साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. “तुमचा गणपती ग्रीनिचपेक्षा बरा,” म्हणाले. दोन महिने राळ तिच्या जपावर उतरली आणि एकदाही बिघडली नाही. कोंडाजी तर चारचौघांत सांगे, “घड्याळाला चावी लागती. आमच्या बाईस्नी न्हाई लागत.”

दसऱ्याच्या तोंडावर नवं घड्याळ आलं. इंद्रायणीनं खंडेनवमीच्या पूजेत त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते तव्याशेजारच्या फरशीवर तसंच राहू दिलं. काटा बारावर. साहेब आत आले की त्यांना घड्याळ दिसे आणि ते पुढं जात. तिनं खोटं कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही. न दाबण्याचं कारण मात्र तिचं तिलाच ठाऊक होतं. तिनं पाच लाख जपाचा संकल्प सोडला होता, अंगारकीच्या चंद्रोदयापर्यंत. पहाटे पाणीसुद्धा न घेता दोनशे, संध्याकाळी दोनशे, पण पाच लाख त्यानं होत नाहीत. कारखान्यातले सेकंद मात्र दिवसभर पडून असत. तव्यावर राळ ओढताना शंभर, पुढचा नमुना येईपर्यंत काचा धुता धुता शंभर. कंपनीचं मोजणं आणि देवाचं मोजणं एकाच नामात होत होतं. तिला ते फार छान जुळलं आहे असं वाटे. एका विहिरीवर दोन मोटा.

आणि संकल्प लेकीसाठी होता. शालन तेरा वर्षांची, खेडला आजीकडे. इंद्रायणीनं कारखान्याची वाट धरली तेव्हा सासूबाई, गोजाबाई, म्हणाल्या होत्या, “तू जा. पोर इथं राहील.” इंद्रायणी गेली. मागे वळून काही म्हणाली नाही. पाच लाख पुरे झाले की जायचं आणि लेक मागायची, असं तिनं मनाशी बांधलं होतं. तोवर तोंड उघडायचं नाही. शनिवारी दिराचं कार्ड आलं. सर्व क्षेम, भुईमूग बरा झाला, आणि शेवटच्या ओळीत, जागा उरली म्हणून लिहावं तसं, की शालनसाठी चाकणचं एक स्थळ बोलत आहे, फाल्गुनात बघू. शनिवारी संध्याकाळी तिची साठ हजार नामं बाकी होती. रविवार, सोमवार, मंगळवार. सोमवारी तव्यासमोर बसल्यावर तिचे ओठ कसे हलत होते ते तिला आता आठवायचं होतं आणि आठवत नव्हतं. फक्त अंगठा बोटांच्या पेरांवरून पळत होता तेवढं आठवत होतं, आणि पळताना बरं वाटत होतं. मंगळवारी चंद्रोदयाला पाच लाख पुरे झाले. तिनं मोदकाचा नैवेद्य दाखवला होता.

बुधवारी दुपारपर्यंत तिनं चार नमुने पाहिले, दुसऱ्या लहान हंड्यातले. घड्याळ दाबून पाहिले. खिडकीखाली मुकादम दौलतराव हंड्याच्या झाकणाशी वाकून आत बोलत होते. ते पुण्याच्या रास्तापेठेतले, बोलताना दर वाक्याला खिशातला रुमाल चाचपत.

“कोंडाजी, शनिवारी चौकशीला मोठे साहेब येतील. तेव्हा तरी खरं सांग. डोळा लागला होता ना?”

आतून आवाज घुमत आला, “न्हाई जी.”

“मग वाफ ज्यादा सोडलीस.”

“सोडली न्हाई जी.”

“अरे, प्रयोगशाळेची वही बोलते! साडेदहाला एकशे वीस. पावणेअकराला दगड. नेमल्या वाफेवर पंधरा मिनिटांत एकशे वीसचा दगड होत नाही, हे मला नको शिकवूस. एक तर वाफ सोडलीस नाहीतर झोपलास. कबूल हो, म्हणजे नुसतं कामावरून कमी करतील. नाही झालास तर दाखल्यावर शेरा मारतील.”

ठोके थांबले होते. मग कोंडाजी म्हणाला, “माझ्या हातनं झालं आसंल तर झालं आसंल. मला कळलं न्हाई एवडं खरं.” आणि ठोके पुन्हा सुरू झाले.

तो आकुर्डीचा. कारखान्याला जमिनी गेल्या तेव्हा घरटी एक नोकरी मिळाली होती. त्याच्या घरची ती हीच. हंड्याच्या घराच्या मागे एक बुजवलेली विहीर होती, तिच्या काठावर तो दुपारची भाकरी खाई, कारण ती त्याच्याच मळ्यातली विहीर. त्याची नोकरी गेली तर त्या काठावर बसायलाही त्याला फाटकावर चिठ्ठी लागणार होती. इंद्रायणी दुपारी तिथं गेली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. कोंडाजीच्या भुवया, मिशा, मुंडासं सगळं तपकिरी भुकटीनं माखलं होतं आणि हाताचे तळवे फोडांनी भरले होते.

“या बाई. बसा. आवो ही राळ लई घट. छिन्नीची धार जाती पन हिचा टवका उडंना.”

“तुम्ही सांगत का नाही, भाऊ, की वाफ वाढवली नव्हती म्हणून?”

“सांगटलं की. पन वही म्हनती एकशे वीस. वही तुमची. तुमची वही काय खोटी हाय?” तो हसला. दात तेवढे पांढरे. “माझीच चूक झाली आसंल काय तरी. तुमी जिवाला लावून घेऊ नगा. उपास हाय का आज? तोंड उतारलंय.”

तो तिच्यावर बोट ठेवत नव्हता, एवढंच नाही, ती शक्यताच त्याच्या डोक्यात नव्हती. ती “नाही, उपास नाही” म्हणाली आणि उठून आली.

तिसऱ्या प्रहरी हसानंद साहेब हंड्यातला एक टवका घेऊन आले आणि तो टेबलावर तिच्यापुढं ठेवला. मुठीएवढा, लालसर, आत उजेड धरणारा. त्यांना बोलायला माणूस लागे आणि हुशार माणसं त्यांचं ऐकत नसत. “बाई, वितळवून टाका बोलतात ऑफिसातले लोक. हे मेण हाय काय? मेण गरम केला, पिघलला. थंड झाला, जमला. दस बार करा. हे म्हणजे भाजलेली भाकरी. आता पीठ होनार नाय.” मग त्यांनी पेन्सिलीनं कागदावर ठिपके काढले. फिनॉलच्या एकेका कणाला तीन हात, म्हणाले, आणि फॉर्मलिन म्हणजे दोघांच्या हातातला दोर. आधी दोन दोन धरतात, मग ओळी होतात. ओळी असतात तोवर राळ वाहते, तार येते. मग एक क्षण असा येतो की ओळी एकमेकींना तिसऱ्या हातानं धरतात आणि पुन्हा सुटत नाहीत. जाळं. “सोमवारी दहा वाजता त्या हंड्यात कण किती होते? मोजनारा पैदा झाला नाय. आनि पावणेअकराला किती?” त्यांनी टवक्यावर पेन्सिल टेकवली. “एक. पूर्ण हंडाभर, पंधरा मण, एकच कण. बोलो.” इंद्रायणी त्या टवक्याकडे पाहत राहिली. तिच्या बटव्यात पाच लाख होते, एकेक करून मोजलेले, आणि त्यातल्या कुठल्याही एकाला धरून दुसरा उभा नव्हता. सोमवारचे सव्वीसशे तर नुसते दाणे उधळल्यासारखे. हे तिला असं शब्दांत सुचलं नाही. तिला फक्त लाज वाटली, आणि ती कुणापुढं ते कळेना.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी ती काहीच बोलली नाही. पाच लाख पुरे झाले होते. फळ यायचं होतं, आणि फळ यायला एकच अट होती, संकल्पाची वाच्यता करायची नाही. आक्काबाईच्या बहिणीनं सोळा सोमवार केले आणि सतराव्याला जावेपाशी बोलून बसली, तेव्हा हाती आलेलं कसं गेलं, ही गोष्ट आक्काबाईनं गुरुवारी वाती वळता वळता पुन्हा सांगितली. ती वर्षातून चारदा सांगे. “सांगितलेलं व्रत म्हणजे झाकण नसलेलं दूध बाई. कुणी तरी तोंड घालणारच.” इंद्रायणी वाती वळत राहिली. कोंडाजीसाठी बोलायचं तर घड्याळ दाबलं नाही हे सांगावं लागणार. का दाबलं नाही, हे विचारणार. म्हणजे संकल्प सांगावा लागणार, वही दाखवावी लागणार. आणि फाल्गुन दोन महिन्यांवर. तिनं मनात देवालाच विचारून पाहिलं. विचारताना तिच्या लक्षात आलं, की नाम घेतल्याशिवाय ती देवाशी बोलते आहे असं कितीतरी महिन्यांनी होतंय.

शुक्रवारी सकाळी ती हसानंद साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. “साहेब, सोमवारचा आकडा माझा चुकला. मी घड्याळ दाबलं नव्हतं. जपावर मोजलं, आणि जप घाईत गेला.”

साहेबांनी आधी दार लोटून घेतलं. मग तिला खुर्ची दिली, जी आजवर कधी दिली नव्हती. “बस. बोल आता नाम.” त्यांनी घड्याळ हातात घेतलं. “सोमवारी जसा बोलली तसा बोल. शंभर.”

तिनं डोळे मिटले. सोमवारसारखं म्हणायचं, म्हणजे कसं? कार्डावरची ती शेवटची ओळ डोळ्यांपुढं आणली. अंगठा पेरांवर ठेवला. पण नाम काही पळेना. ते आपल्या जागी बसलं होतं, एक, आणि मग एक. ती शंभराला थांबली.

“शंभर,” साहेब म्हणाले आणि घड्याळ तिच्यापुढं धरलं. काटा एक मिनिट चाळीसवर. “बाई, तुझा दिल चांगला हाय. कोंडाजी गरीब हाय. पन झूठ बोलून त्याला सोडवनार, तर मोठा साहेब हसेल. माझ्यावर पन हसेल, की हा माणूस जपावर केमिस्ट्री करतो.”

खरं सांगितलं तर ते खोटं ठरेल, हे तिला अपेक्षित नव्हतं. क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं. सांगून झालं होतं, आता तिचा काय दोष. शेजारून छिन्नीचे ठोके येत होते. तिनं बटव्यात हात घातला आणि वही काढून सोमवारचं पान उघडून टेबलावर ठेवलं.

“ही एक रेघ शंभराची,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेला की साहेब पुढं वाकले. “पाच लाखांचा संकल्प होता. मंगळवारी पुरा झाला. हे दहा. हे साडेदहा.”

साहेबांनी रेघा मोजल्या. मागची पानं पाहिली, पंधरा, सोळा, चौदा. प्रयोगशाळेची वही ओढून शेजारी ठेवली. मग खिशातून ती सरकती पट्टी काढली, जिच्यावर ते गुणाकार-भागाकार करत, आणि मधली जीभ पुढं-मागं केली. “सव्वीसशेला अठराशे. तर एकशे वीसला…” काचेखालची रेघ त्यांनी डोळ्याजवळ नेली. “त्र्याऐंशी.” पट्टी खाली ठेवली. “त्र्याऐंशी होता, बाई. तोटी उघडायला हवी होती. त्याच मिनिटाला.”

“हो.”

“कशासाठी हा पाच लाख?”

“मुलीसाठी,” ती म्हणाली. विचारलं होतं म्हणून सांगितलं.  साहेबांनी वही मिटून घेतली आणि ते म्हणाले, की ही वही शनिवारपुरती त्यांच्याकडे राहील.

शनिवारची चौकशी वीस मिनिटांत संपली. कोंडाजीवरचा ठपका निघाला. दौलतरावांनी रुमाल चाचपून “तरीच” एवढं म्हटलं. हसानंद साहेबांना लेखी ताकीद मिळाली. इंद्रायणीची सोमवारपासून कानस खात्यात बदली झाली. तिथं दाबयंत्रातून निघालेल्या बटणांच्या कडा बाया घासून काढत. मजुरी कमी, आणि भुकटी खूप. वही तिला परत मिळाली. तिनं ती पाटाखाली ठेवली नाही. आक्काबाईच्या बंबात घातली, आणि आक्काबाई “कोरी पानं तरी फाडून घ्यायचीस” म्हणाली.

रविवारी ती एस.टी.नं खेडला गेली. भोसरी, चाकण, खेड. दीड तासाचा रस्ता. दोन वर्षांत हा रस्ता तिला लागला नव्हता, कारण पाच लाख पुरे झाल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नव्हता, आणि आता पुरं व्हायचं काहीच उरलं नव्हतं. गोजाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांनी वर न पाहता विचारलं, “काय गं, कंपनीनं हाकललं काय?”

“एक पायरी खाली उतरवलं. सासूबाई, मी शालनला न्यायला आले आहे.”

गोजाबाईंचा हात थांबला. “दोन वरसं झाली. एकदा तरी मागितलीस का? आमी म्हणायचो, हिला नगोच हाय.”

 दारात शालन येऊन उभी होती, परकराला हात पुसत, आईपेक्षा बोटभर उंच. “मला हवी आहे,” इंद्रायणी म्हणाली. हे वाक्य तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं असावं, कारण शेजारच्या अंगणातली बाई वळून पाहायला लागली.

“बघू,” गोजाबाई म्हणाल्या. मिरच्या पसरता पसरता आणखी थोड्या वेळानं म्हणाल्या, “सातवीची परीक्षा हाय तिची. ती तर होऊ दे.” चाकणच्या स्थळाचं त्यांनी नाव काढलं नाही, इंद्रायणीनंही नाही. शालन स्टँडपर्यंत पिशवी घेऊन आली.

कानस खात्यात एका ओळीत बावीस बाया बसत. काळं बटण डाव्या हातात धरायचं आणि कड घासायची, चार वेळा एका बाजूला, चार दुसऱ्या. तिसऱ्या का चौथ्या दिवशी हाताला ताल सापडला आणि त्या तालात नाम आलं, न बोलावता. तिचा अंगठा सवयीनं पेराकडे गेला, पण अंगठ्याखाली बटण होतं. मधल्या सुट्टीत कोंडाजी दाराशी आला. हंडा परवा साफ होऊन पुन्हा चढला होता. त्याच्या मिशा धुतलेल्या होत्या.  उंबऱ्यावर उकिडवा बसून त्यानं तंबाखू मळली.

“तुमच्या जागंवर नवीन बाबू आलेत. घड्याळ दाबूनच आकडा देत्यात. पाटी दावत्यात ती बी येवस्थित. पन मला काय इस्वास बसंना, बाई. खिडकीकडं बघतो अन् वाटतं, ह्येला काय ठावं.”

“विश्वास ठेवा, भाऊ,” इंद्रायणी म्हणाली आणि बटणावरची भुकटी फुंकरीनं उडवली. “त्या घड्याळाला काही मागायचं नसतं.”